बरी झाले म्हण

त्र्यंबक खांबेटे आयुष्यात खोटं फार कमी बोलले होते, त्यामुळे ते त्यांना धड जमतही नसे. रविवारी सकाळी गॅलरीतून थोरली बहीण रिक्षातून उतरताना दिसली, आणि त्यांनी फ्रिजवरच्या टोपलीतून सरोजच्या कॅप्सूलची डबी उचलली. आधी ती लेंग्याच्या खिशात घातली. खिसा फुगलेला दिसतो म्हणून देवघराखालच्या खणात ठेवली. देवाच्या पायाशी लपवाछपवी नको म्हणून तिथूनही काढली, आणि शेवटी चपलांच्या कपाटात, स्वतःच्या पावसाळी बुटात सारली. बँकेत अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाला हे शोभत नव्हतं, आणि ते त्यांना कळतही होतं.

कारण सरळ होतं. कलाताईला त्यांनी महिन्यापूर्वी फोनवर सांगून टाकलं होतं, की सरोजचं औषध संपलं, आता नुसत्या ताकदीच्या गोळ्या. ज्या दिवशी सरोजच्या मानेतली गाठ लिम्फोमाची निघाली, त्याच दिवशी कलाताईने भात सोडला होता. सरोज बरी होईपर्यंत शिताला शिवणार नाही, असं ती देवासमोर बोलली होती. त्याला आता बावीस महिने झाले होते. खडवलीला नांदलेली, पुढे आंबिवलीत बालवाडी चालवत म्हातारी झालेली बाई. भाताशिवाय जेवण म्हणजे तिच्या लेखी फराळ. भाकरीवर दिवस काढून ती निम्मी झाली होती. तिच्या रक्तातली साखर मात्र कधी नव्हे ती उतरली होती, पण हे तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

खांबेट्यांच्या घरची रीत अशी, की असा नेम सोडायचा तर त्याचं उद्यापन करायचं. दुखण्यातून उठलेल्या माणसाने पानावर बसून तीनदा ‘मी बरी झाले’ म्हणायचं आणि नेम धरणाऱ्याला पहिला घास आपल्या हाताने भरवायचा. अट एकच. त्या दिवशी घरात त्या दुखण्याचं औषध असता कामा नये. औषध जवळ ठेवून बरी झाले म्हणणं म्हणजे देवाला टोपी घालणं.

ते औषध आता बुटात होतं.

“त्र्यंबका, पिशवी धर आधी,” कलाताई दारातूनच म्हणाली. “वाड्याचा कोलम आहे. जुना आणलाय, मोकळा होईल. मोठं पातेलं काढ.”

“अगं ताई, तांदूळ घरात होता की.”

“तुमच्या घरातला तांदूळ बावीस महिने नुसता बघतेय मी. आज माझा शिजेल.” चपला काढायला ती कपाटाकडे वाकली, तसे त्र्यंबकराव मधे आले. “राहू दे, राहू दे, मी ठेवतो,” म्हणाले. सत्तर वर्षांच्या बहिणीच्या चपला त्यांनी आजवर कधी उचलल्या नव्हत्या. कलाताईने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. पण आज ती आनंदात होती, आणि आनंदात माणूस फार खोलात जात नाही.

गॅलरीत दोन्ही मुलांचं जुंपलं होतं. वल्लरी दारात उभी राहून कोथिंबीर निवडत होती. त्या दोघांचं ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं.

थोरला सलिल तिचा नवरा. दोघं डोंबिवलीला राहायचे. धाकटा साकेत इथेच, आईवडिलांजवळ. आईचं पहिलं दुखणं केमोने गेलं आणि सात महिन्यांत उलटलं, तेव्हा दोघे भाऊ एकजीव होते. मुंबईच्या हॉस्पिटलात आईच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना त्या गाठी ओळखायला शिकवून, परत आईच्याच अंगात सोडल्या, तेव्हा दोघांनी आळीपाळीने बाहेरच्या बाकावर दिवस काढले होते. दोन स्कॅन स्वच्छ आले. आणि मग ही कॅप्सूल आली. एकवीस दिवस रोज एक, सात दिवस सुट्टी, अशी वर्षभर. त्या दिवसापासून भावाभावांत जे बिनसलं ते बिनसलं.

“डॉक्टरबाई काय म्हणाल्या गुरुवारी, नीट आठव,” साकेत म्हणत होता. “उलटायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षात उलटतं. कॅप्सूल राखणीला आहे. आणि अरे, त्या पेशी सोडून सहाच महिने झालेत अजून.”

“पुढचं पण आठव ना मग. किती फायदा होईल ते छातीठोक सांगण्याइतका पुरावा आमच्याकडे नाही, हे पण त्याच म्हणालेल्या. थांबवलीत तरी चूक म्हणणार नाही, हे पण.”

“मी वाचलंय त्याच्यावर.”

“तू वाचलंयस. मी उचललंय तिला.” सलिलचा आवाज चढला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने बघून त्याने तो उतरवला. “तिसऱ्या फेरीला बाथरूममध्ये पडलेली ती. एकशे तीन ताप. पांढऱ्या पेशी एवढ्याशा उरलेल्या. तू ऑफिसला होतास. मी आलेलो डोंबिवलीवरून, मी उचललं. तिचं डोकं असं लुळं पडलेलं माझ्या खांद्यावर. चौथी फेरी अर्ध्यात थांबवावी लागली. लिम्फोमाने नाही गेली आणि ह्या राखणदारानेच नेली तर काय करायचं, ते सांग ना तुझ्या फोनला विचारून.”

वल्लरीला नवऱ्याचा राग आला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि ह्याचं तर दोनदा पोळलं होतं. पण साकेतही खोटं बोलत नव्हता. हीच तर पंचाईत होती.

“पाचवी फेरी सुरू करायची की नाही, ते आज ठरायचंय,” ती म्हणाली. “बरोबर ना? डोस कमी करून. साडेबाराची वेळ.”

“बाबांनी ठरवलंय,” सलिल म्हणाला. “त्यांनी आत्याला सांगून टाकलंय, औषध संपलं म्हणून. आज उद्यापन झालं की विषयच संपला. आणि मला विचारशील तर बरंच झालं.”

“आणि आईंना कोणी विचारलं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं दिसलं, आणि ते असं, की कोणीच विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघरात कलाताई तांदूळ धूत होती, आणि हात पाण्यात उगाच रेंगाळत होता. तांदूळ बोटांतून निसटतो तसा दुसरा कुठला दाणा निसटत नाही. सरोज ओट्याशेजारी स्टुलावर बसली होती. केस परत आले होते, पण आखूड आणि पांढरे. पुरळाने हात लालसर दिसत होते.

“ह्या दोन्ही पोरांना मी ह्याच ओट्यावर बसवून भात भरवलाय,” कलाताई म्हणाली. “तू पहाटेच्या पाळीला टेलिफोनच्या ऑफिसात गेलीस की साकेत भोकाड पसरायचा. दहीभात दिला की गप्प.”

“तुम्ही होतात म्हणून माझी नोकरी झाली, वन्सं.”

“ते जाऊ दे. तू फक्त आज तीनदा म्हण. एवढंच माझं मागणं. हत्ती गेला, शेपूट राहिलं होतं, तेही गेलं. ताकदीच्या गोळ्या घेतेस ना वेळेवर?”

सरोजने मान वर केली. “कसल्या गोळ्या?”

“ताकदीच्या. त्र्यंबक म्हणाला ना. औषध महिन्यापूर्वी संपलं, आता नुसत्या ताकदीच्या.” कलाताईचा पाण्यातला हात थांबला. “का गं?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. सरोजच्या ते ओठांवरही आलं. पण कलाताईच्या चेहऱ्यावर नुसत्या भाताच्या वासाची आशा एवढी पसरली होती की तिला ते जमलं नाही. “काही नाही,” ती म्हणाली, उठली, आणि फ्रिजवरच्या टोपलीत हात घालून पाहिलं. टोपलीत ताप मोजायचं यंत्र होतं, रक्ताचे रिपोर्ट होते, डबी नव्हती.

सरोज खांबेटे टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाली होती. युनियनमध्ये तिच्या तोंडाला साहेब लोक वचकून असत. एका संपात, संप मिटला असं वरून सांगितलं गेलं, निम्म्या बायका घरी गेल्या, आणि ही चार जणींना घेऊन गेटवर बसून राहिली. लेखी हातात येईपर्यंत गेट सोडायचं नाही. लेखी तिसऱ्या दिवशी आलं. पण आजारपण माणसाचा मालकी हक्कच काढून घेतं. दोन वर्षं तिच्या नसा, तिचं रक्त, तिचं जेवण सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं, आणि तिनेही ते ठरवू दिलं होतं. आता नवऱ्याने तिच्या औषधाचं नावही बदललं होतं. रिकाम्या टोपलीत हात ठेवून ती उभी राहिली, आणि कित्येक महिन्यांनी तिला मनापासून राग आला. अंगात जीव आल्यासारखं वाटलं.

बाराला पानं मांडली गेली. गुडघे वाकत नाहीत म्हणून टेबलावरच केळीची पानं. कलाताईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, शेजारी सरोज. कलाताईच्या पानावर मधोमध पांढऱ्या भाताची मूद, वर वरण, वर तूप, बाजूला लिंबाची फोड. बाकी पान रिकामं. त्र्यंबकराव हातात तुपाची वाटी घेऊन उगाच उभे होते.

“म्हण गं,” कलाताई म्हणाली. तिने पदर डोक्यावरून घेतला होता आणि डोळे मिटले होते.

सरोजने घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराला सात मिनिटं होती.

“अहो,” ती म्हणाली, “माझी डबी कुठे आहे?”

त्र्यंबकरावांच्या हातातली वाटी कलली आणि तूप टेबलावर सांडलं. “कसली डबी?”

“कॅप्सूलची. पाचवी फेरी आजपासून सुरू होते. टोपलीत नाहीये.”

“सरोज, आत्ता नको. आपण नंतर—”

“नंतर नाही. साडेबाराची वेळ आहे.”

कलाताईने डोळे उघडले. तिने सरोजकडे पाहिलं नाही. भावाकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिला सकाळच्या चपला आठवल्या असाव्यात. “त्र्यंबका,” ती अगदी हळू म्हणाली, “घरात औषध आहे?”

त्र्यंबकराव वाटी ठेवून बाहेर गेले. चपलांचं कपाट उघडल्याचा आवाज झाला. सासऱ्यांनी बुटातून औषधाची डबी काढलेली वल्लरीने बाहेरच्या खोलीतल्या आरशात पाहिली. दुसरा दिवस असता तर तिला हसू आलं असतं. डबी आणून त्यांनी टेबलावर ठेवली. ती केळीच्या पानाजवळ अगदीच परकी दिसत होती.

कलाताईने खुर्ची मागे सारली. “पानावरून उठले म्हणतील, म्हणू देत. औषध घरात ठेवून मला भात खायला घालत होतास? मला?”

“ताई, ऐक. तू वाळून काड झालीस. मला बघवेना. सलिलही म्हणत होता की थांबवावंच. मी म्हटलं, नाहीतरी थांबणारच आहे तर—”

“बाबा, माझं नाव नका मधे घेऊ,” सलिल म्हणाला. “मी थांबवा म्हटलं. खोटं बोला नव्हतं म्हटलं.” मग तो आईकडे वळला. “पण आई, थांबवूया ना खरंच. स्कॅन क्लीन आहे. अजून किती मारून घेणारेस स्वतःला?”

“वन्सं, बसा,” सरोज म्हणाली.

“नाही बसत. तुम्हां सगळ्यांना हा खेळ वाटतो.” कलाताईचा आवाज फुटला. “मला ठाऊक आहे नेम मोडला की काय होतं ते. माझ्या घरात झालंय. खडवलीला ह्यांना विषमज्वर झाला तेव्हा मी कैरी सोडली होती. तेवीस वर्षांची होते, कैरीवाचून मला घास जात नसे. सहाव्या दिवशी ताप उतरला. सगळे म्हणाले, सुटला आनंदा. आणि सातव्या दिवशी मी परसात जाऊन एक फोड खाल्ली, मिठाला लावून. एक. अकराव्या दिवशी ताप उलटला आणि सोळाव्या दिवशी ह्यांना नेलं. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुझ्या जिभेने खाल्लं माझ्या मुलाला. त्या चूक होत्या का?”

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि आजवर कोणी ती तिच्या तोंडून ऐकली नव्हती. वल्लरीला काय करावं सुचेना, तिने पुढे होऊन आत्याचा हात धरला.

“चूक होत्या,” त्र्यंबकराव म्हणाले.

ते अजून उभेच होते. सही तपासताना असावी तशी त्यांची नजर डबीवर खिळली होती.

“मी सुट्टीला आलो होतो तुझ्याकडे. आठवतंय? एकोणीस वर्षांचा होतो. कल्याणच्या डॉक्टरांनी चौदा दिवसांचं औषध सांगितलं होतं. सहा दिवसांचं दिलं आणि उरलेल्या आठ दिवसांसाठी चिठ्ठी दिली. म्हणाले, ताप उतरला तरी सोडू नका. सातव्या दिवशी मी कल्याणला निघालो होतो चिठ्ठी घेऊन. तुझ्या सासऱ्यांनी अंगणात थांबवलं. म्हणाले, ताप गेला, आता ते उष्ण औषध कशाला पोटात. मी म्हटलं, बरं. चिठ्ठी खिशात ठेवली आणि मी भातसा नदीवर पोहायला गेलो, ताई. दिवसभर पोहलो.”

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“तुझ्या कैरीचा काही संबंध नव्हता. औषध अर्ध्यात सोडलं, म्हणून उलटलं. मला तेव्हा कळत नव्हतं, पण वर्षभरात कळलं. कॉलेजातल्या एका मित्राचे वडील डॉक्टर होते, त्यांनी सांगितलं.”

“सत्तेचाळीस वर्षं झाली,” कलाताई म्हणाली.

“हो.”

“सत्तेचाळीस वर्षं मी कैरीला हात लावला नाही. तू बघत होतास.”

“आधी सासऱ्यांची भीती होती. मग ते गेले. मग वाटलं, आता सांगितलं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, ते विचारशील. दर वर्षी ते जास्तच अवघड होत गेलं.” त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. “आज तेच केलं मी परत. मी भित्रा आहे, ताई.”

हे बाकी खरं होतं, आणि खरं असल्यामुळे कोणी त्यांची समजूत घालायला गेलं नाही.

कलाताई परत खुर्चीवर बसली, पण तिचं सगळं उलटंपालटं झालेलं तोंडावर दिसत होतं. तिने डबी स्वतःच्या हाताने उचलली आणि सरोजपुढे आपटली. “मग घे. घेच तू. कोणाचं ऐकू नकोस. औषध पुरं केलं असतं तर माझा माणूस वाचला असता. घेतलंस की तूही वाचशील.”

“नाही, वन्सं,” सरोज म्हणाली. “ते औषध विषमज्वराला नक्की लागू होतं. ह्याचं तेवढं नक्की कोणालाच ठाऊक नाही. डॉक्टरबाईंनाही नाही. हे घेऊनही उलटू शकतं. न घेताही कदाचित काही होणार नाही. सलिल घाबरतो, त्यात काही चूक नाही त्याची.”

“मग का घेतेस?” सलिलने विचारलं. तो भांडत नव्हता, त्याला खरोखर कळत नव्हतं.

“कारण मला घ्यायचंय. दोन वर्षं तुम्ही म्हणाल तिथे सुई टोचून घेतली. तेव्हा दुसरा रस्ता नव्हता, आता आहे. संप मिटला म्हणून सांगतायत, पण लेखी कुठे आहे? मी गेट सोडणार नाही. अंगावर पुरळ उठो, पोट बिघडो, मी वर्ष पुरं करणार. अगदी झेपेना झालं तर थांबेन, पण तेही मी ठरवेन. आणि घरात ह्याला ताकदीची गोळी म्हणायचं नाही. कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची कॅप्सूल आहे. कोणी विचारलं तर मला फोन द्या, मी सांगेन.”

साकेतच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण उमटली. “आणि तू,” सरोज त्याला म्हणाली, “उंटावरून शेळ्या हाकणं बंद कर. वाचतोस ते चांगलंय. पण दर आठवड्याला रक्त द्यायला माझ्याबरोबर खाली लॅबमध्ये यायचं.” खूण पुसली गेली.

सलिल पानाच्या देठाशी चाळा करत होता. “ताप आला तर लगेच फोन,” तो शेवटी म्हणाला. “शंभरला. एकशे तीनला नाही. ‘थोडा वेळ बघते’ हे चालणार नाही. मला पटलेलं नाहीये आई, पण मी येईन.”

“शंभरला करीन.”

वल्लरीने पाण्याचा पेला भरून आणला. साडेबारा वाजून गेले होते. सरोजने डबीतून एक कॅप्सूल काढली आणि तळहातावर धरून सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. एवढीशीच होती. तिने ती न फोडता, न लपवता, उद्यापनाच्या पानावर बसून गिळली आणि वर पेलाभर पाणी प्यायली.

मग तिने कलाताईच्या पानावरचा वरणभात कालवला, लिंबू पिळलं, आणि घास करून हात पुढे केला.

कलाताई मागे सरली. “अगं, तू म्हणाली नाहीस.”

“म्हणणार नाही. मला ठाऊक नाही मी बरी झालेय का. जे ठाऊक नाही ते तीनदा कसं म्हणू?”

“मग मी कशी खाऊ? तुला उलटलं तर?”

“उलटलं तर उलटलं. तुमच्या भाताने उलटणार नाही आणि तुमच्या भाकरीने थांबणार नाही. तुमच्या पानावर माझं दुखणं मी वाढू देणार नाही, वन्सं. एकदा तुमच्या कैरीवर घातलं लोकांनी, ते पुरे झालं.” हात पुढे धरलेला ठेवूनच सरोज बाकीच्यांकडे वळली. “सगळ्यांनी नीट ऐका. पुढच्या स्कॅनला काहीही निघालं, तरी ह्या घरात कोणी ह्यांच्या भाताचं नाव काढायचं नाही. मी गेले तरी नाही. माझ्या तेराव्याला कोणी कुजबुजलं तर वल्लरी, तू त्याला पानावरून उठव.”

“उठवीन,” वल्लरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी आवाज स्पष्ट निघाला.

“देव कोपेल गं,” कलाताई पुटपुटली.

“कोपू दे. मी त्याच्याशी भांडते, तुम्ही जेवा.”

कलाताईने घासाकडे पाहिलं. सत्तर वर्षं ती देवाला भीत आली होती आणि सत्तेचाळीस वर्षं स्वतःच्या जिभेला. घासातून तूप ओघळून सरोजच्या लालसर मनगटावर आलं होतं. ते बघून कलाताईच्या कपाळावर आठी पडली. ही आठी घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. बालवाडीच्या जागेला टाळं लावायला आलेल्या माणसांना तिने ह्याच आठीनिशी दारातून परत पाठवलं होतं.

“कोपू दे,” ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.

ती सावकाश चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. दुसरा घास तिने स्वतःच्या हाताने घेतला, मग तिसरा. बाकी सगळे आपापल्या पानावर हात न लावता बसले होते आणि ती कोणाकडेही न बघता जेवत होती. मूद संपली. त्र्यंबकराव इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते भाताचं पातेलं आणि डाव घेऊन पुढे आले आणि वाकून म्हणाले, “ताई, अजून वाढू?”

कलाताईने पानावर आडवा हात धरला.

“तू नको वाढूस,” ती म्हणाली. “अजून नको. सरोज, तू वाढ गं. पोटभर वाढ.”